पोट दाबू नका

डोराय, गावाची मनांग म्हणजे थोरली ताई, पायाळू जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर तिने जन्मभर गावावर राज्य केलं. घशात माशाचा काटा अडकला की माणसं डॉक्टरकडे नाही, डोरायकडे धावायची. ती गळ्यावरून नुसती बोटं फिरवायची आणि काटा खाली उतरायचा, निदान उतरला असं माणसं म्हणायची. बाळंतिणी, समुद्रावरून कंबर धरून परतलेले कोळी, किरकिरी तान्ही पोरं, सगळ्यांच्या अंगावरून तिचे हात फिरलेले होते. आंतीके प्रांताच्या त्या किनाऱ्यावरची निम्मी तरणी पोरं तरी डोरायच्याच हाताखालून गेली असतील. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळेच म्हणत. बाईला तोंडही होतं आणि त्या तोंडाचाही तेवढाच धाक होता.

आरोग्यकेंद्रात नवी नर्स आली तेव्हा तिने घरोघर फिरून सांगायला सुरुवात केली की लहान मुलांना चोळू नका, आधी आमच्याकडे आणा. डोरायने तिला भर बाजारात गाठलं. "अगं, तू सात महिन्यांची होतीस तेव्हा तुझ्या आईने तुला माझ्या मांडीवर आणून टाकलं होतं. दूध ओकत होतीस. तुला जगवली मी, आणि आता मलाच शिकवतेस?" बाजार हसला. नर्स बिचारी भाजी न घेताच परत गेली.

पोराला ताप आला, खोकला धरला, जेवेनासं झालं, की गावात पहिला संशय पियांगचा. म्हणजे पोर कुठेतरी आपटलं, कुणी हाताला धरून हिसडलं, आणि आतली एखादी शीर जागची हलून गाठीसारखी बसली. ती शोधायला केळीच्या पानाची पट्टी. पट्टीला खोबरेल लावायचं आणि अंगावरून हलक्या हाताने ओढत न्यायची. जिथे पान अडेल, कातडीला चिकटेल, तिथे दुखणं. मग तेल कोमट करायचं आणि बोटांनी ती गाठ मऊ करत करत जागेवर आणायची. डोरायची आई हेच करायची, तिची आजीही हेच करायची.

डोरायचा मुलगा मोठ्या मालवाहू बोटीवर कामाला होता, वर्षातून एकदा उगवायचा. घरात ती, सून रोवेना आणि चार वर्षांची नात मिमाय. रोवेना अबोल. सासूला ती नानाय म्हणायची, म्हणजे आई. सासूपुढे बोलायचं म्हणजे आधी मनात तीनदा घोकायची आणि मग बहुतेक वेळा गप्पच बसायची.

मिमायला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. भात पुढे सरकवायची. आंघोळ घालताना रोवेनाला वाटलं, पोट एका बाजूने वर आलंय. तिने धीर करून विषय काढला.

"नानाय, आरोग्यकेंद्रात दाखवून आणू का हिला?"

"कशाला? ती तुझी नर्स काय करणार? वजन करेल, तक्त्यावर टिकली काढेल आणि तापाची गोळी देईल. आण इकडे."

डोरायने पान ओढलं. डाव्या बरगडीच्या खाली ते अडलं. तिने बोटं टेकवली, आणि खरंच, तिथे काहीतरी होतं. टणक, गुळगुळीत, लहान कैरीएवढं. इतका मोठा पियांग तिने कधी पाहिला नव्हता. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पण चाळीस वर्षं जिचं चुकलं असं कुणी म्हटलं नाही, तिला थांबायची सवय कुठून असणार? डोराय उलट खूश झाली. दुखणं सापडलं होतं.

मग रोज संध्याकाळी तेल कोमट व्हायचं. मिमायला त्यात मजा वाटायची. चटईवर पसरायची, लोलाच्या, म्हणजे आजीच्या, गोष्टी ऐकायची आणि त्या उबदार हातांखालीच झोपून जायची. गाठ मात्र हलेना. उलट भरत चालली होती. डोराय चिडायला लागली, पोरीवर नाही, गाठीवर. शेजारची इस्ताकिया कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय मनांग, आख्ख्या गावाचे पियांग उतरवलेस, आणि घरच्या पोरीचा हलेना होय?"

ते वाक्य डोरायच्या वर्मी लागलं. त्या संध्याकाळी तिने अंगठे एकावर एक ठेवले आणि सगळा भार देऊन दाबलं. मिमाय किंचाळली. आजवर ती कधी किंचाळली नव्हती. आणि त्याच क्षणी डोरायच्या अंगठ्याखाली काहीतरी मऊ पडलं, पिकल्या पपईत बोट रुतावं तसं.

"सुटला!" डोराय ओरडली. "रोवेना, सुटला गं! बघ, आता कशी जेवते ती."

तिने कोंबडी कापली, आलं घालून भाताची पेज केली आणि एक वाडगा मुद्दाम इस्ताकियाकडे पाठवला. मिमाय जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. सकाळी तिची लघवी लाल झाली.

डोरायने ते पाहिलं आणि तिचं तोंड प्रथमच बंद पडलं. तिने आपणहून ट्रायसिकल, गावातली तीनचाकी रिक्षा, बोलावली.

तालुक्याच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता आणि सोनोग्राफीचं एक जुनं मशीन. डॉक्टरने मशीन फिरवलं, पोरगी वळवळली, पडद्यावर नुसतं धुकं दिसलं. त्याने दोनदा बघितलं आणि मशीन बाजूला ठेवलं. प्रामाणिक माणूस.

"मला नक्की सांगता येणार नाही," तो म्हणाला. "प्लीहा वाढलेली असेल असं आधी वाटलं, पण ती नाही. किडनीवर गाठ दिसतेय. मी मोठ्या माणसांची पोटं बघतो, मुलांची नाही. इलोइलोला, शहरात जा. तिथे लहान मुलांची रेडिओलॉजिस्ट आहे, फक्त मुलांचीच चित्रं वाचणारी. दुसऱ्या कुणाकडे वेळ घालवू नका."

मग त्याने चिठ्ठी लिहून दिली, जखमेवर लावायची रुंद चिकटपट्टी कापली, तिच्यावर जाड पेनने लिहिलं, 'पोट दाबू नका', आणि ती मिमायच्या फ्रॉकवर पुढे चिकटवली.

"ही काढायची नाही. नर्स असो, डॉक्टर असो, नाहीतर चर्चमधले फादर असोत. प्रत्येकाला वाटतं, एकदा दाबून बघू. असली गाठ दाबली तर फुटते."

"आणि फुटली तर?" डोरायने विचारलं.

"तर आतलं पोटभर सांडतं. ते नको बोलूया आत्ता."

रोवेनाने सासूकडे पाहिलं. डोरायने खिडकीकडे पाहिलं. ते मऊ पडणं तिला अजून अंगठ्यात जाणवत होतं, आणि ते जगात फक्त तिलाच माहीत होतं. रोवेनाने तर तो आनंदाचा ओरडाच ऐकला होता.

इलोइलोची बस डोंगर ओलांडून जाते. एरवी डोराय बसमध्ये आख्ख्या बसचे संसार विचारून घेते. त्या दिवशी तिने शेजारणीचं नावही विचारलं नाही. मिमायने मांडीवर यायला हात पसरले, तर म्हणाली, "आईकडेच बस, माझे गुडघे दुखतायत." पट्टीवरची अक्षरं पोरीच्या श्वासाबरोबर वरखाली होत होती, आणि बसमधल्या बायका ती मोठ्याने वाचून क्रॉसची खूण करत होत्या.

शहरात पोचल्यावर खरी वणवण सुरू झाली. पहिल्या रुग्णालयाच्या दारावर गलेलठ्ठ पहारेकरी होता.

"मुलांचे फोटो बघणारी डॉक्टर कुठे बसते?" डोरायने विचारलं.

"फोटो? स्टुडिओ समोरच्या गल्लीत आहे, नांग. पासपोर्टचे पण काढतात."

"तुझ्या तोंडाचा काढून घे आधी, भिंतीवर टांग, उंदीर पळतील."

पण आवाजात जोर नव्हता. पहारेकऱ्याचं लक्ष पट्टीकडे गेलं, तो खजील झाला आणि स्वतः त्यांना आत घेऊन गेला. आत खिडकीवरची मुलगी म्हणाली, "रेडिओलॉजिस्ट आहेत ना आमच्याकडे. मोठ्यांचं बघतात, लहानांचंही बघतात. नंबर लावा."

डोराय नंबर लावायला निघाली होती. तिला आता कुणीही चालणार होतं, कुणीतरी 'काही नाही' म्हटलं की झालं. पण रोवेना जागची हलली नाही.

"फक्त मुलांचंच बघणारी पाहिजे," ती म्हणाली. एवढ्या मोठ्याने की रांगेतल्या माणसांनी माना वळवल्या. "तसं सांगितलंय. ती इथे नसेल तर कुठे असते ते सांगा. सांगितल्याशिवाय मी खिडकी सोडणार नाही."

सासूने सुनेचा हा आवाज पहिल्यांदाच ऐकला. आतून एक्स-रे काढणारा म्हातारा माणूस बाहेर आला. त्याला सगळे नोंग अम्ब्रोसियो, म्हणजे अम्ब्रोसियोदादा, म्हणत. पट्टी पाहून त्याने मान डोलावली.

"डॉक्टरीणबाई पाहिजेत तुम्हाला, डॉक्टरा नोब्लेझा. सकाळी दुसरीकडे असतात, दुपारी नदीपलीकडच्या मुलांच्या रुग्णालयात. तालुक्याच्या डॉक्टरची चिठ्ठी आहे ना? मग जा. चिठ्ठीशिवाय नाही भेटत."

"औषध चांगलं देते का?" डोरायने विचारलं.

"औषध नाही देत."

"मग ऑपरेशन?"

"तेही नाही करत. ते सर्जनचं काम."

"मग करते काय ही बया?"

"बघते, नांग. तुमच्या पोरीच्या आत काय आहे, कुठवर पसरलंय, कशाला चिकटलंय, ते बघते आणि लिहून देते. बहुतेक आईबापांनी तिचं तोंडही पाहिलेलं नसतं. पण सर्जन सुरी कुठे धरायची ते तिला विचारून ठरवतो. आणि पोरं म्हणजे बुटकी माणसं नव्हेत. त्यांची हाडं वेगळी, दुखणी वेगळी, किरणं सोसायची ताकद वेगळी. मोठ्यांचं बघणारा हुशार माणूससुद्धा तिथे फसतो. मी फसताना पाहिलेत."

डोरायला त्यातलं एकच कळलं. ही बाई आतलं बघते. डॉक्टरला फसवता येतं, नर्सला गप्प करता येतं, पण आतलं बघणाऱ्या बाईपुढे काय करणार?

नदीपलीकडचं रुग्णालय जुनं होतं. भिंतींवर मासे आणि कासवं रंगवलेली, रंग पोपडे धरून गळत असलेला. ज्या खोलीत त्यांना नेलं तिथे खिडक्या बंद, उजेड मिणमिणता. डॉक्टरा नोब्लेझा बुटकी, पन्नाशीची, चष्मा गळ्यात लटकवलेली बाई. डोरायने मनात जी जादूगारीण उभी केली होती तिच्याशी काहीच जुळेना. बाजारात कोळंबी विकत असती तर कुणी वळून पाहिलं नसतं.

तिने आधी मिमायशी बोलणं केलं, मोठ्यांकडे बघितलंच नाही.

"हे काय लिहिलंय गं तुझ्या फ्रॉकवर?"

"पोट दाबू नका," मिमाय म्हणाली. वाचता येत नव्हतं, पण बसभर ऐकून पाठ झालं होतं.

"शहाणी आहे पट्टी. मी पण दाबणार नाही. ही चिकट पेज आहे, खायची नाही, नुसती लावायची. आधी बाहुलीच्या पोटाला तू लाव."

मिमायने बाहुलीला लावलं. मग डॉक्टराने ती जेल आपल्या तळहातात धरून कोमट केली आणि पोरीच्या पोटावर पसरली. मशीनचा दांडा हातात घेतला आणि इतक्या हलकेच फिरवला की कातडीवर खळगाही पडेना. डोराय बघत राहिली. तिचं पान असंच फिरायचं. फक्त पानापाशी तिचं बघणं संपायचं आणि अंगठे सुरू व्हायचे. या बाईचं बघणंच संपत नव्हतं. दांडा थांबायचा, परत यायचा, तिरका व्हायचा. "आता खेकड्यासारखी बिळात लप बघू, श्वास आत. शाब्बास. आता ये बाहेर." पोरगी हसत होती. पडद्यावर राखाडी ढग हलत होते आणि डॉक्टराचं तोंड हळूहळू मिटत चाललं होतं.

शेवटी तिने जेल पुसली, फ्रॉक सारखा केला, आणि परिचारिकेबरोबर मिमायला भिंतीवरचे मासे दाखवायला बाहेर पाठवलं.

"बसा," ती म्हणाली. "डाव्या किडनीवर गाठ आहे. या वयाच्या मुलांत होते. कुणी काही खाऊ घातलं म्हणून नाही, कुणाची नजर लागली म्हणून नाही. उजवी किडनी चांगली आहे, ही मोठी गोष्ट. मोठ्या शिरेत ती शिरलेली दिसत नाही, हीसुद्धा. पण गाठीच्या मागे मला थोडं पाणी दिसतंय, आणि ते मला आवडलेलं नाही."

तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"गाठीतल्या गाठीत रक्त उतरलं असेल तर एक गोष्ट. गाठ फुटून बाहेर आलं असेल तर अगदी दुसरी. हे चित्र दोन्ही बाजूंनी वाचता येतं. फुटलेली असून आपण नाही म्हटलं, तर पोटात सांडलेलं राहून जाईल आणि पुन्हा उगवेल. फुटलेली नसून फुटली म्हटलं, तर एवढ्याशा जिवाला आख्ख्या पोटावर किरणं द्यायची आणि जास्त कडक औषधं, तीही फुकट. म्हणून नीट आठवून सांगा. पडली का कुठे? मार लागला? कुणी पोट दाबलं?"

"नाही, डॉक्टरा," रोवेना पटकन म्हणाली. "पडली नाही. कुणीच दाबलं नाही."

डोरायने चमकून सुनेकडे पाहिलं. रोवेना खाली बघत होती, कान लाल झाले होते. रोज संध्याकाळी चटई तिनेच तर अंथरली होती. नवऱ्याला काय सांगायचं, गाव काय म्हणेल, सासूची अब्रू, स्वतःची लाज, सगळं एका वाक्यात झाकायला निघाली होती पोर. झाकलं जातही होतं. डॉक्टराने पेन उचललं. आणखी एक क्षण गप्प बसलं की डोराय सुटली होती. गावात परत जाऊन सांगता आलं असतं, शहरातली दुखणी, आपल्या हातात काय असतं.

डोरायला स्वतःची किळस आली. इतकी, की जीभ आपोआप सुटली.

"मी दाबलं."

पेन थांबलं.

"चोळायची मी तिला. रोज. गावात सगळ्यांना चोळते. पियांग आहे असं वाटलं. परवा हलेना म्हणून..." तिने हात मांडीवर उघडे टाकले, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे होते. "सगळा भार टाकला. पोरगी ओरडली. आणि आत मऊ पडलं. मला वाटलं, सुटला. मी कोंबडी कापली, डॉक्टरा."

रोवेनाच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

डोराय शिव्यांची वाट बघत होती. तिला त्या हव्या होत्या. या बाईने उठून थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं. डॉक्टराने फक्त बाही वर केली आणि आपला हात तिच्यापुढे टेबलावर ठेवला.

"दाखवा. किती जोर होता ते."

"नको, डॉक्टरा."

"नानाय, तुमची शिक्षा म्हणून नाही विचारत. मला कळायला पाहिजे. दाखवा."

डोरायने अंगठे एकावर एक ठेवले. डोळे मिटले आणि दाबलं. डॉक्टराचा चेहरा आक्रसला, पण तिने हात काढून घेतला नाही.

"बास," ती म्हणाली. बाही खाली करताना तिने हातावरच्या पांढऱ्या ठशाकडे पाहिलं, तो हळूहळू लाल होत होता. "कुठल्या दिशेने? वरून खाली, की बाजूने पाठीकडे?"

"पाठीकडे."

"आता सीटी स्कॅन करू. एकदाच, जितके कमी किरण चालतील तितक्यातच. पण आता मला माहीत आहे, कुठे बघायचं."

मिमाय मशीनच्या गोल तोंडात एकटी आडवी झाली. डॉक्टरा काचेपलीकडून तिला खेकड्याची गोष्ट सांगत होती, आणि पोरगी हलली नाही. बाहेरच्या बाकावर सासू-सुना बसल्या होत्या. मध्ये एका माणसाची जागा मोकळी. डोरायने दोनदा तोंड उघडलं. रोवेना म्हणाली, "आत्ता नको, नानाय." आवाज हळूच होता, पण तो ऐकून डोरायला कळलं की घरातलं तिचं राज्य संपलं.

डॉक्टरा स्वतः बाहेर आली. तसं ती सहसा येत नाही, असं परिचारिका नंतर म्हणाली. तिने त्यांना आत नेऊन पडद्यावर दाखवलं. एक मोठा राखाडी गोळा, भोवती पांढरट कड.

"ही कड सगळीकडे अखंड हवी होती. इथे मागे बघा. तुटलीय. आणि हे बाहेर आलेलं." तिने बोट पडद्याला न लावता हवेतच फिरवलं. "फुफ्फुसं मात्र स्वच्छ आहेत. सर्जनना मी आत्ताच सांगितलंय. आधी ठरलं असतं त्यापेक्षा उपचार मोठा होईल. किरणंही द्यावी लागतील."

"वाचेल?" रोवेनाने विचारलं.

"फुटल्यावरही पुष्कळ मुलं वाचतात. मी पाहिलीत. पण शब्द देणार नाही."

डोरायने विचारलं, "माझ्यामुळे ना?"

डॉक्टराने पडद्यावरची ती तुटलेली कड पुन्हा पाहिली. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, असं मनात आणू नका, गाठ तर आधीचीच होती. तेही खरंच होतं. पण विचारलं होतं ते वेगळं, आणि जे दिसतं त्याच्या पलीकडचं बोलायची त्या बाईला सवय नव्हती.

"तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत," ती शेवटी म्हणाली.

वॉर्डात मिमायला कोपऱ्यातली खाट मिळाली. हातात सुई टोचलेली, फ्रॉक जाऊन रुग्णालयाचा झगा आलेला. पट्टी परिचारिकेने नव्या झग्यावर हलवली होती. संध्याकाळ झाली तसं पोट दुखायला लागलं. पोरगी कण्हली, कुशीवर वळली, आणि खाटेशेजारी उभ्या असलेल्या आजीचा हात तिने पकडला.

"लोला, चोळ ना. तुझ्या हाताने लगेच झोप येते."

आणि तो हात ती आपल्या पोटाकडे ओढायला लागली. डोरायने तो असा हिसकून घेतला, की सुईची नळी हलली. पोरगी दचकली. आजीने आजवर तिचा हात कधी झिडकारला नव्हता. ती आईकडे बघायला लागली, मग पुन्हा आजीकडे.

"मी काय केलं, लोला?"

डोराय पाठमोरी होऊन भिंतीवरच्या कासवाकडे बघत राहिली. रोवेना उठली, दोघींच्या मध्ये खाटेवर बसली आणि पोरीचा हात तिने आपल्या हातात घेतला.